मधला सातवा खांब

सुनागोच्या किनाऱ्यावर किनूवहिनींच्या समुद्रघरात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागतात. दाराशी लाकडी टब असतो आणि त्यातलं पाणी तासातासाला बदललेलं असतं. दोन वर्षांपूर्वी आमचे नगराध्यक्ष पाहणीला आले तेव्हा घाईत तसेच वर चढले. वहिनींनी हातातलं उलथनं खाली न ठेवता त्यांना सांगितलं की वाळू बाहेर तीन किलोमीटर पडलेली आहे, थोडी आत आणून ती काही कमी होणार नाही. नगराध्यक्ष निमूटपणे मागे फिरले, पाय धुतले आणि दोन बशा नूडल्स खाऊन गेले.

मी इथल्या पर्यटन संघाच्या कचेरीत एकेचाळीस वर्षं आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आलो आणि इथंच राहिलो. येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. किनाऱ्यावर कोणाचं समुद्रघर कोणत्या जागेवर उभं राहणार, भाड्याच्या छत्र्या किती, पोहायच्या हद्दीचे तरंगते गोळे कुठून कुठवर, ही कागदपत्रं माझ्याकडे असतात. वहिनींचे यजमान तोकुझो इशिगे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, म्हणून या वहिनी. खरं तर दादांचं माझं बोलणं हवापाण्याच्या पुढे फारसं कधी गेलं नाही. बोलायचं खातं त्या घरात वहिनींकडे होतं.

वहिनी मूळच्या दक्षिणेकडच्या खडकाळ टोकावरच्या. त्यांची आई, आजी, मावश्या सगळ्या समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या. वहिनी स्वतः चौदाव्या वर्षापासून बुडी मारायच्या. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या वाळूच्या गावात आल्या. पहिले सहा महिने भातात वाळू, अंथरुणात वाळू, कानात वाळू. इथला समुद्र त्यांना समुद्र वाटतच नव्हता. शहरातून आलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात रबरी कडं धरून उभी राहतात, लाट आली की हसतात आणि तासाभराने भूक लागली म्हणून बाहेर येतात. ‘ही माणसं समुद्रात येत नाहीत, समुद्राला भेटून जातात,’ असं त्या म्हणायच्या. आणि या भेटायला येणाऱ्यांना त्यांनी अठ्ठेचाळीस उन्हाळे खाऊ घातलं.

समुद्रघर म्हणजे काही कायमचं घर नव्हे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते वाळूवर उभं राहतं आणि ऑगस्ट संपता संपता, वादळांच्या आधी, उतरवलं जातं. एक मोठी, फळ्यांच्या चौथऱ्यावरची ओसरी, चटया, मागे कपडे बदलायच्या खोल्या, गोड्या पाण्याची आंघोळ, एका कडेला वहिनींचा तवा आणि बर्फ किसायचं यंत्र. एकेकाळी अशी एकवीस घरं होती, आता सहा आहेत. त्यांतली पाच पत्र्याची आणि लोखंडी नळ्यांची आहेत. इशिग्यांचं तेवढं अजून लाकडाचं. प्रत्येक वाशावर आणि खांबावर दादांच्या हातची शाईची खूण आहे: पूर्वेचा पहिला, पश्चिमेचा तिसरा, असं. वर्षातले दहा महिने ही लाकडं घरामागच्या कोठारात रचलेली असतात.

त्यातला ‘मधला सातवा’ हा ओसरीच्या बरोबर मध्ये येणारा खांब. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात वहिनी कुरकुरल्या की भांड्यांची फळी फार उंच आहे, बशा काढताना टाचा दुखतात. दादा हातातलं काम सोडून आले. त्यांनी वहिनींना त्या खांबाला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवला, रेघ ओढली आणि त्या मापाने फळी खाली घेतली. पाहुण्यांतला एक पाच वर्षांचा मुलगा हे बघत होता. त्याने हट्ट धरला की मलाही रेघ पाहिजे. दादांनी काढून दिली. पुढच्या उन्हाळ्यात तो मुलगा समुद्राकडे न जाता आधी खांबाकडे गेला.

तिथून ही रीत पडली. सुट्टीच्या पहिल्या सकाळी, पाण्यात जायच्या आधी, पाय धुऊन, टाचा खांबाला लावून उभं राहायचं. डोक्यावर गुण्या, मग बारीक कुंचल्याची रेघ, नाव आणि तारीख. दादांचा नियम होता की माप सकाळीच घ्यायचं, कारण दिवसभर उभं राहून माणूस संध्याकाळी थोडा बुटका होतो. माप चुकवायला टाचा उचलणाऱ्यांना ते पुन्हा पाय धुवायला पाठवायचे. शहरांत लोक घरं बदलतात, भिंती रंगवतात. इथल्या खांबावर मात्र काही मुलांच्या बारा-बारा रेघा आहेत आणि आता त्यांच्या मुलांच्याही.

दादा गेल्या फेब्रुवारीत गेले. जेवून उठले, अंगणात गेले आणि परत आले नाहीत. वहिनी यंदा समुद्रघर उभारणार नाहीत असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी तर नकाशात ती जागा कोरी सोडून पाहिली होती. मे महिन्यात त्या कचेरीत आल्या, नकाशाकडे पाहिलं आणि विचारलं की इथे कोण येणार आहे. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्या म्हणाल्या, ठरलेलं आहे. मग मीच शेजारच्या गावातले चार कामगार लावून दिले. लाकडांवर खुणा होत्याच, त्यामुळे दादांना चार दिवस लागायचे ते काम त्यांनी दीड दिवसात संपवलं. मुकादम जाताना म्हणाला की मधला एक खांब जरा आखूड पडत होता, जुनं लाकूड आहे, वर तुळईखाली पट्ट्या ठोकून बसवला आहे. मी माझ्या वहीत ‘काम पूर्ण’ अशी नोंद केली.

जुलैच्या मध्यावर पोहणं सुरू झालं आणि पहिली कुटुंबं आली. आता कुंचला वहिनींच्या हातात होता. पहिल्या मुलाची रेघ मागच्या वर्षीपेक्षा हातभर वाटावी इतकी वर गेली. त्याची आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी आलेल्या दोघी बहिणींचीही तीच गोष्ट. आठवडाभरात किनाऱ्यावर बोलणं सुरू झालं की इशिग्यांकडची पोरं यंदा बांबूसारखी वाढली आहेत. शेजारच्या समुद्रघराचे म्हातारे ओनुकी रोज दुपारी फुकटचा बर्फ खायला यायचे. ते म्हणाले, “किनू, नूडल्समध्ये काय घालतेस सांग तरी. माझ्याकडची पोरं होती तेवढीच आहेत.”

“तुमच्या नूडल्स खाऊन ती जिवंत आहेत तेच पुष्कळ आहे,” वहिनी म्हणाल्या.

त्या खुशीत होत्या. दादा गेल्यानंतरचा पहिला उन्हाळा, आणि ज्याला त्याला हसत समुद्रात जाताना त्या पाहत होत्या. शंका आली नाही का, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, आली होती, पण शाळेतलं दुपारचं जेवण आता चांगलं असतं म्हणतात, असं स्वतःला सांगितलं.

तीन ऑगस्टला मुराकोशी कुटुंब आलं. हे सायतामाकडचे, समुद्रापासून लांब, उन्हाळ्यात तापणाऱ्या गावचे. मुराकोशी तोफूच्या कारखान्याची गाडी चालवतात. त्यांची मुलगी मिनोरी तीन वर्षांची असल्यापासून इथे येते, आता अकराची आहे. आठव्या वर्षी तिला मूत्रपिंडाचा आजार झाला. आजार औषधाने आटोक्यात राहिला, पण त्या औषधानेच वाढ थांबली. दोन वर्षांपूर्वीची रेघ आणि गेल्या वर्षीची रेघ खांबावर एकावर एक आली. तेव्हा दादांनी काय केलं हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांनी कुंचला पुन्हा शाईत बुडवून तीच रेघ जाड केली आणि मिनोरीला म्हणाले, “रेघ यंदा विश्रांती घेतेय.” त्यांच्या तोंडून एका दमात निघालेलं एवढं मोठं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

या वर्षी मिनोरीने पाय धुतले, टाचा लावल्या आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. वहिनींनी गुण्या ठेवला. मिनोरी बाजूला झाली तेव्हा जाड रेघेच्या वर चार बोटं भरून जागा होती, आणि वर आणखी थोडी. मुराकोशींनी आपला हात आडवा लावून पाहिला, मग पुन्हा लावून पाहिला. ते बाहेरच्या नळाकडे गेले आणि तोंड धूत राहिले. फार वेळ धूत राहिले. आईने तिथूनच आजीला फोन लावला. मिनोरी चटईवर बसून रबरी कड्यात हवा भरत होती.

दुपारी त्यांनी सगळ्या ओसरीला कलिंगड वाटलं. मीही खाल्लं. खाता खाता मुराकोशी सांगत होते की इस्पितळाने वाढीसाठी रोजची इंजेक्शनं सुचवली आहेत, वीस तारखेला होय की नाही सांगायचं आहे. जूनमध्ये तिथली नर्स म्हणाली होती की वाढ जवळजवळ नाहीच, पण ती मोजते घाईत. “दादांचा खांब खोटं बोलत नाही. इंजेक्शनांचं आता बघायलाच नको,” असं म्हणून त्यांनी वहिनींच्या बशीत आणखी एक फोड ठेवली.

त्या संध्याकाळी पाचचा भोंगा झाला, मुलं परतली, ओसरी रिकामी झाली. वहिनी चटया झाडत होत्या. खांबापाशी आल्यावर त्यांना आपली रेघ दिसली. तेविसाव्या वर्षीची, सगळ्यांत पहिली. कशासाठी कोण जाणे, त्या पाठ लावून उभ्या राहिल्या आणि डोक्यावर तळहात ठेवून वळून पाहिलं. एकाहत्तराव्या वर्षी त्या नवरीपणापेक्षा दोन बोटं उंच भरल्या होत्या. आरशात रोज कमी होत चाललेली बाई त्या ओळखून होत्या. त्यांनी वर पाहिलं. तुळईखाली पट्ट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, कचेरी उघडायच्या आधी, त्या आल्या आणि माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रावर एक लाकडाचा ठोकळा ठेवला. ठोकळ्याला लोणच्याचा वास येत होता.

“हे काय?” मी विचारलं.

“चार बोटं,” वहिनी म्हणाल्या. “सगळ्या पोरांची वाढलेली चार बोटं. माझ्या लोणच्याच्या पिंपाखाली होती.”

मग त्यांनी नीट सांगितलं. खाऱ्या वाळूत खांबांचे बुंधे कुजतात. मधल्या सातव्याचा बुंधा दादांनी वेळोवेळी मिळून चार बोटं कापून टाकला होता. कापला की तेवढ्याच जाडीचा ठोकळा, जुन्या होडीच्या लाकडाचा, ते खाली सरकवायचे, म्हणजे रेघा जागच्या हलणार नाहीत. हा ठोकळा ते दर वर्षी स्वतःच्या हाताने आणायचे आणि स्वतःच्या हाताने न्यायचे, म्हणून त्यावर खूण करायची त्यांना कधी गरज वाटली नाही. मार्चमध्ये वहिनींनी कोठार आवरलं. पिंप डुगडुगत होतं, लाकडाचा चांगला तुकडा दिसला, तो खांबाखालचा ठोकळा हे न ओळखता त्यांनी खाली सारला. कामगारांनी मग जी कमतरता खाली भरायची ती वर भरली. खांब चार बोटं खाली बसला आणि त्याच्याबरोबर जवळजवळ पन्नास वर्षांच्या रेघाही खाली गेल्या.

मी कागद पुढे ओढला. सवयच आहे. ठोकळा मोजून पाहिला, तर एका टोकाला आठ सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला साडेसात; वरच्या पट्ट्या तर ठोकून चेपलेल्या. मिनोरी खरोखर काही वाढली की नाही हे त्यातून सांगता येत नव्हतं. मी वहिनींना म्हटलं की मुराकोशी सहा तारखेला जाणार आहेत. वीस तारखेला इस्पितळात माप होईलच, तिथे आपोआप कळेल. तोवर दोन दिवस आनंदात आहेत तर राहू द्यावं, खांब त्यांच्या पाठीमागे नीट करता येईल. मला तो सल्ला व्यवहार्य वाटला होता.

“म्हणजे खोटं मी सांगायचं आणि खरं डॉक्टरांनी,” वहिनी म्हणाल्या. “बरी वाटणी केलीत, भाऊजी.”

मी म्हटलं की त्यांनी खोटं सांगितलेलं नाही, खांब चुकला होता.

“काल संध्याकाळपर्यंत खांब चुकला होता. आता मी चुकेन.” त्यांनी ठोकळा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. “तेरा तारखेला हे घरी येणार. पहिलंच वर्ष. आल्यावर आधी कुठे बघतील असं वाटतं तुम्हाला? माझ्याकडे?”

तेरा ते सोळा ऑगस्ट या दिवसांत आमच्याकडे गेलेली माणसं घरी येतात. नव्याने गेलेल्यांसाठी दाराशी पांढरा कंदील लावतात. इशिग्यांचा कंदील मीच मागवून ठेवला होता.  मी टोपी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघालो, कारण ते कामगार माझे होते.

मिनोरी आमच्या आधी पोचली होती. आईबाप मागून येत होते. ती पायाच्या पंपाने कड्यात हवा भरत होती. वहिनी तिच्यासमोर चटईवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “कालची तुझी रेघ चुकलीये. खांब चार बोटं खाली बसलाय. चूक माझी आहे.”

मिनोरीने पंप थांबवला नाही. “माहितीये,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“हा मागच्या वर्षीचाच पोशाख आहे ना, काकू. चार बोटं वाढले असते तर चढला असता का?”

निळा पोहण्याचा पोशाख, छातीवर शाळेने लावलेली नावाची पट्टी. एकेचाळीस वर्षं कागद तपासणाऱ्या मला तो काल दिसला नव्हता.

“मग काल बोलली का नाहीस गं?”

पंपाचे आणखी दोन-चार दाब झाले. “बाबा तोंड धूत होते,” ती म्हणाली.

  मग वहिनी म्हणाल्या की रेघ तुझी आहे, तर काय करायचं ते तू सांग. मिनोरीने विचारलं की पुढच्या वर्षी खांब नीट बसवला तर मी या वर्षीपेक्षा बुटकी होणार का. वहिनी म्हणाल्या, होणार. मिनोरीने विचार केला आणि म्हणाली की मग आजच बसवा.

आणि लगेच, हळू आवाजात: “रेघ परत त्या जाड रेघेवरच आली तर?”

“तर आली,” वहिनी म्हणाल्या. “आणखी जाड करू.”

मुराकोशी छत्री खांद्यावर घेऊन आले तेव्हा मिनोरीनेच त्यांना सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं: खांब खाली बसलाय, मी एवढी वाढलेली नाही, पुन्हा मोजायचं आहे. त्यांनी आधी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. छत्री अजून त्यांच्या खांद्यावरच होती. आई बर्फाची पेटी हातात धरून उभी होती, ती खाली ठेवायचं तिलाही सुचलं नव्हतं.

वहिनींनी कंबरेत वाकून माफी मागितली. चूक कशी झाली ते पिंपासकट सांगितलं, काही गाळलं नाही.

“गाडीचा जॅक चालेल का?” मुराकोशींनी अखेर विचारलं.

चालणार होता. ते गाडीकडे गेले. गाडी लांब नव्हती, पण परत यायला त्यांना वेळ लागला. तोवर ओनुकी काय चाललंय बघायला आले आणि गोष्ट कळल्यावर म्हणाले, “तरीच म्हटलं, किनूच्या नूडल्स खाऊन कोण वाढेल?” कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी निमूटपणे पाय धुतले आणि ओसरीची फळी उचलायला लागले.

तुळईखाली एक वासा उभा केला आणि त्याच्या खाली जॅक लावला. मुराकोशींनी तो इतका हळू फिरवला की लाकूड वर चाललंय हे डोळ्याला कळत नव्हतं. मग पट्ट्या सैल होऊन टपटप खाली पडल्या. मी आणि ओनुकींनी खांब उचलून धरला आणि वहिनींनी पालथं पडून ठोकळा आत सारला. कोणतं टोक कुठे, हे त्यांनी लाकडावर उमटलेल्या जुन्या डागावरून ओळखलं. खांब बसला. फळी परत लावली. नऊ वाजून गेले होते. अजून सकाळ होती, दादांच्या नियमात बसत होती.

मिनोरी खांबाकडे निघाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “पाय.”

ती परत जाऊन पाय धुऊन आली. टाचा लावल्या. वहिनींनी चष्मा घातला, गुण्या ठेवला आणि दोनदा सरळ केला. कुंचला टेकताना त्यांचा हात थांबला. त्यांनी श्वास धरला होता हे माझ्या लक्षात आलं, आणि तो त्या बऱ्याच वेळ धरू शकतात. रेघ ओढून झाली. मिनोरी बाजूला सरकली.

आम्ही सगळे पुढे वाकलो. खाली दादांची जाड रेघ. वर वहिनींची बारीक, ओली. मुराकोशींनी दोन्हींच्या मध्ये करंगळी नेली. नख मावलं, आणि कडेला किंचित जागा उरली.

“लाकूड दिसतंय,” ते म्हणाले.

सव्वा सेंटीमीटर. मी पट्टीने मोजलं, पण मोठ्याने बोललो नाही, गरज नव्हती. मिनोरी बोट लावून पाहत राहिली आणि बोटाला शाई लागली तेव्हा वहिनींनी तिला दटावलं. थोड्या वेळाने मुराकोशी बायकोला म्हणाले की वीस तारखेला इंजेक्शनांचं डॉक्टरांना सगळं नीट विचारून घेऊ, औषध चालू असताना एवढं झालं, तर इंजेक्शनांनी आणखी होईल. मिनोरीने तोंड वाकडं केलं. इंजेक्शन तिलाच घ्यायचं होतं.

मग ती म्हणाली, “काकू, आता तुम्ही.”

वहिनी म्हणाल्या की म्हातारीचं काय मोजायचं. मिनोरी हटली नाही. त्यांनी पाय धुतले आणि खांबाला पाठ लावली. मिनोरीच्या आईने गुण्या धरला. वहिनी नवरीपणीच्या रेघेच्या दोन बोटं खाली आल्या.

“जीभ वाढली तेवढी उंची गेली,” ओनुकी म्हणाले.

“तुम्ही उभे राहू नका. तुमची रेघ फळ्यांखाली काढावी लागेल.” आणि माझ्याकडे वळून, “तारीख घाला, भाऊजी. स्वच्छ अक्षरात.”

मी घातली. खांबावर माझं अक्षर तेवढं एकच आहे.

जुलैपासून चुकीच्या रेघा पडलेली मुलं एकूण सदतीस भरली. त्या रेघा खरवडायला वहिनी तयार नव्हत्या. प्रत्येकीशेजारी त्यांनी बारीकसं वर्तुळ काढलं आणि जी मुलं अजून गावात होती त्यांना बोलावून पुन्हा मोजलं. दोघांनी रडून घेतलं. एकाला किसलेल्या बर्फाचे तीन पेले द्यावे लागले. बाकीच्यांना पत्रं गेली. ऑगस्टच्या मध्याला सगळे एकमेकांना खुशालीची कार्डं पाठवतातच, त्याच कार्डांवर वहिनींनी लिहिलं: उन्हाळा अजून कडक आहे, तब्येत सांभाळा, तुमचं मूल मी सांगितलं त्यापेक्षा चार बोटं कमी आहे, चूक माझी, पुढच्या वर्षी सकाळी लवकर या. पत्त्यांची यादी मी केली. पांढरा कंदील लागला त्या दिवशी शेवटचं कार्ड टपालात पडलं.

उत्तरं आली. नागानोच्या एका मुलाने लिहिलं होतं की त्याचं शाळेत सगळ्यांना सांगून झालेलं आहे, त्यामुळे चार बोटं वर्षभरात तो स्वतःच भरून काढेल, वर्तुळ पुसून टाकावं. वहिनींनी ते कार्ड तव्याजवळच्या खांबाला लावलं. वर्तुळ पुसलं नाही.

एकतीस ऑगस्टला समुद्रघर उतरलं. या वेळी कामगारांबरोबर मीही दिवसभर उभा होतो. जाण्याआधी मिनोरीने फळी पुन्हा उचलायला लावून ठोकळ्याच्या कडेवर कुंचल्याने लिहून ठेवलं होतं, ‘मधला सातवा, खाली’, आणि कोणतं टोक कुठे त्यासाठी एक मासा, ज्याचं डोकं समुद्राकडे करायचं. मुकादमाने ते वाचलं आणि ठोकळा इतर लाकडांबरोबर गाडीत टाकायला उचलला. वहिनींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, अॅप्रनच्या टोकाने त्याची वाळू पुसली आणि घराकडे चालायला लागल्या.

मी हाक मारून म्हटलं की आता त्यावर खूण आहे, हरवणार नाही.

“माहितीये,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. त्यांच्या दुसऱ्या हातात किनाऱ्याच्या टोकावरून शोधून आणलेला एक चपटा दगड होता. पिंप अजून डुगडुगत होतं.